सासूबाईंचा पदर आणि पंच्याऐंशीची लेन्स

माझ्या हातून जे मोठमोठे गाढवपणे झाले, त्यातला एक चांगला फ्रेम केलेला आहे, काचेसकट. तो माझ्या सासुरवाडीला धान्याच्या कोठीमागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला असतो.

माझं तळेगावच्या बाजारात जनरल स्टोअर आहे. आठ वर्षांपूर्वी हौसेनं कॅमेरा घेतला आणि नेमका त्याच साली धोंड्याचा महिना आला. त्या महिन्यात जावयाला बोलावतात, पाटावर बसवतात, ओवाळतात, अनारसे वाढतात, आणि जावई तेवढा दिवस स्वतःला राजा समजतो. मी तर कॅमेरेवाला राजा होतो. सासूबाई ताट घेऊन समोर वाकल्या, निरांजनाचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला, त्या अगदी मनापासून हसत होत्या, आणि मला राहवलं नाही. मांडीवरचा कॅमेरा उचलला आणि हातभर अंतरावरून खटकन फोटो काढला. ओवाळून घेताघेता ओवाळणाऱ्या सासूचा फोटो काढणारा जावई आमच्या भागात मी पहिलाच असेन.

कॅमेऱ्यासोबत जी लेन्स येते ती मी जास्तीत जास्त पसारा मावेल अशी फिरवून ठेवली होती. तशी लेन्स घेऊन इतक्या जवळून फोटो काढला की जे पुढे असेल ते फुगतं आणि मागचं आक्रसून जातं. निरांजन कंदिलाएवढं आलं. त्याच्या मागोमाग सासूबाईंचं नाक. कान कुठेतरी लांब वर्ध्याला राहिले होते. पण मला तेव्हा यातलं काही दिसलं नाही हो. मला फक्त उजेड दिसला आणि त्यांचं हसू दिसलं. मी अमरावतीहून तो फोटो दीड हात मोठा करून आणला आणि दिवाळीत सगळ्या पाहुण्यांसमोर, वरचा कागद फाडून, त्यांच्या हातात दिला.

सगळे पुढे वाकून पाहू लागले. मग त्यांचे धाकटे दीर म्हणाले, ‘‘वैनी, नाक पयले येऊन गेलं. तुमी मांगून येऊन राह्यल्या काय?’’

घर हसलं. सासूबाई पण हसल्या, आणि हसताहसता त्यांनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला. तो पदर पुढे आठ वर्षं, कॅमेरा दिसला की, तिथेच असायचा.

भाच्याच्या लग्नात पदर. नातवाच्या बारशात पदर. मेहुण्याच्या ट्रॅक्टरची पूजा झाली, त्या फोटोत ट्रॅक्टर आहे, मेहुणा आहे, नारळ आहे आणि कडेला एक हिरवा पदर उभा आहे. मोबाईल असो, लग्नाचा फोटोवाला असो, कोणीही ‘इकडे पाहा’ म्हटलं की तिकडे हात पदराकडे. चिडून काही बोलल्या असत्या तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. पण त्या मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट ताटात एक भाकर जास्त वाढायच्या, आणि ती मी खाली मान घालून संपवायचो.

खरी झळ बसली माझ्या बायकोला. ती दर दिवाळीला घर आवरताना फोटोंची पेटी उघडायची आणि एकच गोष्ट म्हणायची. ‘‘मायच्या तोंडाचा एक फोटो नाई माया जवळ. आधार कार्डावरचा हाय, त्याच्यात ते चोरी करताना सापडल्यावानी दिसते. दुसरा कोठीमांगं हाय, तुमचा. बाकी सगळे पदर.’’ ती हे भांडून म्हणत नसे. एकदा म्हणताना तिचा आवाज बदलला, मग तिनं पेटी बंद केली. त्या दिवशी मी ठरवलं की काहीही होवो, सासूबाईंच्या तोंडाचा एक धड फोटो मी या बाईच्या हातात देणार.

आता मी मूळचा हट्टी माणूस. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर माणसांच्या फोटोंचे धडे पाहायचो. त्यातून कळलं की मला पाहिजे ती प्राइम लेन्स, म्हणजे जिच्यात जवळ-दूर करायचं चाकच नसतं. एकच अंतर, एकच नजर. जवळचं पाहिजे तर तुम्ही चालत जा, दूरचं पाहिजे तर मागे सरका. माझ्या शेजारचा कापडवाला हे ऐकून गंभीर झाला. ‘‘म्हंजे जूम नाई?’’

‘‘नाही.’’

‘‘आनं साध्या लेन्सपेक्षा महाग?’’

‘‘हो.’’

‘‘मंग दुकानदार भला माणूस दिसते,’’ तो म्हणाला आणि आपल्या गादीवर जाऊन बसला. मला त्याचा इतका राग आला की मी तीन दिवस त्याच्याकडचा चहा घेतला नाही.

पण खरा घोळ पुढेच होता. माणसाच्या तोंडासाठी पन्नास मिलिमीटरची घ्यावी की पंच्याऐंशीची, यावर जगात दोन तट आहेत आणि दोन्हीकडचे लोक आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसारखे भांडतात. पन्नासवाले म्हणतात, लहान खोलीत चालते, हलकी आहे, घरगुती आहे. पंच्याऐंशीवाले म्हणतात, दूर उभं राहून काढा, चेहरा जसा आहे तसा येतो, मागचं सगळं मऊ होऊन जातं. सराव दुकानातच करायचा होता, म्हणून मी पट्टी घेऊन ते मोजलं. गल्ल्यापासून शटरपर्यंत तेरा फूट. नाचणगावचा माझा एक मित्र लग्नाचे फोटो काढतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘तुया दुकानात पंच्याऐंशी लावली त तुले नालीवर उभं राहा लागते.’’ म्हणून मी पन्नासची ठरवली. रात्री झोपताना पंच्याऐंशीची ठरवली. सकाळी चहासोबत पुन्हा पन्नासची. बायको म्हणाली, ‘‘मले पाह्याले आलते तवा तुमी इतका इचार नाई केला.’’

शेवटी आम्ही अमरावतीला गेलो. कॅमेऱ्याच्या दुकानाचा मालक माझ्या वडिलांच्या ओळखीतला निघाला, एकाच घाऊक बाजारात उठबस असलेला. मी दोन्ही लेन्सा लावून पाहिल्या, काढल्या, परत लावल्या, बायकोचे फोटो काढले, दारातल्या रिक्षाचे काढले. अर्धा दिवस गेला. तो माणूस वैतागला नाही. त्यानं दोन्ही डबे माझ्यासमोर सरकवले आणि म्हणाला, ‘‘जाकड घेऊन जा. पोळा झाला की जे पसंत नाई ते आणून द्या.’’

जाकड म्हणजे आमच्या धंद्यातली जुनी रीत. माल घरी न्यायचा, वापरून पाहायचा, आवडला तर ठेवायचा, नाहीतर जसाच्या तसा परत. साड्या मी जाकड दिलेल्या पाहिल्या होत्या, एकदा कुलर पाहिला होता. लेन्स कोणी जाकड दिल्याचं ऐकलं नव्हतं. मी ते दोन डबे मांडीवर घेऊन एस.टी.त बसलो आणि बायकोला खिडकीजवळची जागाही दिली नाही, धक्का लागेल म्हणून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी सासुरवाडीला पोचलो. सासरे कास्तकार माणूस, घरी बैलजोडी. त्यातला थोरला बैल अस्सल गवळाऊ जातीचा, पांढराशुभ्र, अंगानं उंच आणि तोंडानं लांबच लांब. त्याची आई तो वासरू असतानाच आटली, तेव्हा सासूबाईंनी त्याला बोटं चाखवून, बाटलीनं दूध पाजून वाढवला. घरातले सगळे म्हणतात की सासूबाईंना चार लेकरं, त्यातलं एक गोठ्यात राहतं.

मी कॅमेरा बाहेर काढला तसा पदर खाली आला. पण मी या वेळी तयारीनं गेलो होतो. आमच्याकडे सासू-सासऱ्यांना मामीजी-मामाजी म्हणतात. म्हटलं, ‘‘मामीजी, ही नवीन लेन्स आहे. हिच्यात नाक येत नाही तसं.’’

मूर्खासारखं बोललो. बायकोनं कपाळाला हात लावला. पदराआडून मात्र सावकाश उत्तर आलं. ‘‘पयले माया बैलाचा काढून दाखवा, जवाईबापू. त्याचं तोंड बरोबर आलं, त मंग मायं काढजा.’’

आता काय सांगू. जगातला सगळ्यात अवघड चेहरा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. गवळाऊचं तोंड म्हणजे कपाळापासून नाकपुडीपर्यंत एक अख्खा हात. माणसाच्या चेहऱ्यात जी चूक दोन बोटांची होते, ती इथे वीतभर होणार. मला वाटलं सासूबाईंनी सहज बोलून टाकलं असेल. आज वाटतं, त्यांना पुरतं माहीत होतं.

मी पन्नासची लावली. चौकट भरून बैलाचं तोंड यावं म्हणून पुढे गेलो, आणखी पुढे गेलो. बैलाला वाटलं आपल्यासाठी काही आणलं. त्यानं मान लांब केली, लेन्सचा वास घेतला आणि नाकातून असा फवारा सोडला की माझा चष्मा, कॅमेरा आणि शर्टाचा खिसा एकदमच भिजले. जाकड आणलेला माल तो. मी धोतराच्या फडक्यानं पुसतपुसत सगळ्या देवांना हाक मारली. मामाजी खाटेवर बसून पोट धरून हसत होते. तरी मी सहा-सात फोटो काढले आणि त्यातला त्यात बरा सासूबाईंना नेऊन दाखवला.

त्यांनी पदर दोन बोटांनी उचलून पाहिला. ‘‘नाकच दिसून राह्यलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमचं नाकाशी वैर काऊन हाय, जवाईबापू?’’

माझं डोकं फिरलं. आठ वर्षांचं सगळं एकदम वर आलं. मी म्हणालो, ‘‘बैलाचं नाक मोठंच असतं मामीजी, मी काय करू? मी कापू का?’’ सासूशी असं कोणी बोलतं का? बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी कॅमेरा खाली ठेवला आणि घरामागे विहिरीजवळ जाऊन उभा राहिलो. लाज वाटत होती. कापडवाला आठवत होता.

थोड्या वेळानं बायको आली. तिच्या हातात दुसरा डबा होता. ‘‘हे लावा,’’ म्हणाली. ‘‘आनं पुढं पुढं करू नोका. जवळ गेल्याबगर तुमाले काई दिसतच नाई काय?’’

मी पंच्याऐंशीची लावली. कॅमेरा डोळ्याला लावला तर समोर नुसता बैलाचा डोळा. दोन पावलं मागे आलो, कपाळ आलं. आणखी मागे, कुंपणाला पाठ लागली. फाटकातून बाहेर रस्त्यावर गेलो, चिखलातून हापशीच्या ओट्यावर चढलो, तेव्हा कुठे बैलाचं तोंड, वशिंड आणि शेजारी उभ्या सासूबाई चौकटीत मावल्या. इतक्या दुरून बैलाला मी दिसेनासा झालो. त्यानं कान टवकारले होते ते सासूबाईंकडे. संध्याकाळच्या खांदशेकणीसाठी त्या हळद-लोणी घेऊन आल्या होत्या आणि पळसाच्या पानानं त्याचा खांदा चोळत होत्या. वर्षभर जू वाहिलेला खांदा. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा असा शेकतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण त्याच्या कानात सांगतात. त्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं, तसं ते त्या कानाआड झाकलं गेलं. मी बटण दाबलं.

फोटो घेऊन गेलो. कॅमेऱ्याची मागची काच त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आत जाऊन चष्मा आणला, लावला, पाहिलं. बैलाचं तोंड लांब होतं, पण जितकं लांब आहे तितकंच. कपाळ कपाळाजागी, डोळे डोळ्यांच्या जागी, आणि डोळ्यांत त्याचा तो जरा आळशी, जरा लाडावलेला भाव. सासूबाईंनी जीभ टाळूला लावून ‘च्यक् च्यक्’ असा आवाज काढला. रोज गोठ्यात शिरताना त्या बैलाला हाक मारतात, तो आवाज. त्या फोटोला हाक मारत होत्या. मागे खरा बैल हंबरला.

‘‘बरोबर हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता मायं काढा.’’

मला इतका आनंद झाला की मी धावतच सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत गेलो, त्यांना पायरीवर बसवलं, उजेड पाहिला आणि समोर चार फुटांवर उकिडवा बसलो. पदर खाली. मी म्हटलं, ‘‘मामीजी, आता तर तुम्हीच म्हणाल्या.’’ त्यांनी पदर वर केला, आणि मी कॅमेरा उचलताच परत खाली आला. दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्या स्वतःवरच हसल्या. ‘‘हात आपोआप जाते वो,’’ त्या म्हणाल्या.

आणि मला तेव्हा उमगलं, इतक्या वर्षांनी. ही बाई माझ्यासमोर कधी खाटेवर बसलेली नाही. माझ्या पुढ्यातून जाताना डोक्यावरचा पदर सावरल्याशिवाय गेलेली नाही. मला ताट वाढतात, ते वाढून दाराआड उभ्या राहतात. सासूनं जावयापासून राखायचं एक अंतर असतं, ते त्यांनी मनापासून राखलं होतं, आणि मी पाटावर बसून त्यांच्या तोंडापुढे कॅमेरा खुपसला होता. तेव्हापासून कुठलाही कॅमेरा त्यांना तोच वाटत असणार. मी आपला आठ वर्षं नाकालाच धरून बसलो होतो. कान धरावेसे वाटले.

मी उठलो. अंगण ओलांडलं, फाटकात गेलो आणि फाटकाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. पंधरा एक फूट. पंच्याऐंशीच्या लेन्सला तेवढंच लागत होतं, आणि त्यांनाही. बायको आईच्या बाजूला, चौकटीच्या बाहेर, खाली बसली आणि दोघी बोलू लागल्या. उद्याच्या पुरणाला डाळ किती भिजवायची, कोणाची सून माहेरी गेली, असलं काहीबाही. माझी आठवण त्यांना राहिली नाही. रस्त्यानं बैल धुऊन आणणारा एक माणूस माझ्या मागे थांबला. त्याला जायला जागा हवी होती. मी हात मागे करून त्याला थांबवलं आणि तो भला माणूस दोन ओल्या बैलांसकट मुकाट उभा राहिला.

मग बायको काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही, आणि सासूबाई मान वर करून हसल्या. पदर डोक्यावर होता, तोंड सगळं उघडं. मी तीन फोटो काढले.

‘‘जाऊ का आता?’’ मागचा माणूस म्हणाला.

‘‘जा दादा,’’ मी म्हटलं, ‘‘तुझं भलं होवो.’’

मी कॅमेरा बायकोच्या हातात दिला. तिनं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला, म्हणजे आता तो घरात दुसरीकडे गेला. ती रडत होती आणि मला कोपरानं ढोसत होती. मी तिला म्हणालो, ‘‘पन्नासची परत.’’ ती म्हणाली, ‘‘गप बसा तुमी.’’ एवढा आनंद मला दुकान चालू केलं त्या दिवशी पण झाला नव्हता, खरंच सांगतो.

मग तिनं कॅमेरा आईच्या मांडीवर ठेवला. सासूबाईंनी चष्मा सारखा केला. मला वाटलं नाकाकडे पाहतील. नाक होतं, सरळ, ठसठशीत, चेहऱ्याला शोभेल असं, जसं आहे तसं. पण त्यांची नजर एका जागी नव्हती. त्या हनुवटी पाहत होत्या, गाल पाहत होत्या, कपाळावरची ती बारीक आठी पाहत होत्या. बराच वेळ गेला. मामाजी खाटेवरून उठून आले, तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

‘‘हे मी नाई,’’ त्या हळू म्हणाल्या.

मी कॅमेरा परत घ्यायला हात पुढे केला. म्हटलं, गेलं परत.

‘‘हे त मायी माय हाय.’’

सासूबाईंची आई त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना वारली. तिचा फोटो कधी निघालाच नव्हता. हे बायकोला ठाऊक होतं, मला नव्हतं. त्यांना स्वतःला आईचं तोंड नीटसं आठवत नव्हतं म्हणे. हात आठवायचे, हातातल्या बांगड्या आठवायच्या, आवाज आठवायचा, तोंड मात्र नाही. आज साठी ओलांडल्यावर ते त्यांच्या मांडीवर होतं. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पदर खांद्यावर पडला होता आणि मी समोर उभा आहे याचं त्यांना भान नव्हतं. मी दोन पावलं मागे सरकलो.

त्यांची थोरली बहीण वडनेरला दिली आहे. आई गेली तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती. सासूबाईंनी लेकीला फोन लावायला सांगितला, आणि कॅमेरा छातीशी धरूनच बोलल्या.

‘‘बाई, पोळा झाला की येजो. जवाईबापूनं मायचा फोटो काढला.’’